क्षयरोगाचा जीवाणू आणि रोगप्रतिकारक शक्ती

मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस हा क्षयरोगास कारणीभूत असणारा जीवाणू आहे. बहुतेक जीवाणू शरीराच्या संरक्षक पेशींपासून दूर राहण्याचा प्रयत्न करतात. हा जीवाणू मात्र त्याच पेशींच्या आत शिरतो आणि तेथेच वास्तव्य करतो. संसर्गाची वर्षानुवर्षे टिकणारी सुप्तावस्था, उपचारांचा दीर्घ कालावधी आणि बीसीजी लशीच्या मर्यादा या तिन्ही गोष्टींचे मूळ बऱ्याच अंशी या गुणधर्मात आहे.

पार्श्वभूमी

जर्मन वैद्य रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे या जीवाणूचा शोध जाहीर केला. त्या स्मरणार्थ २४ मार्च हा दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. या संशोधनाबद्दल कॉख यांना १९०५ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जीवाणू अत्यंत मंद गतीने वाढतो. आतड्यांत आढळणारा एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयरोगाच्या जीवाणूस त्यासाठी सुमारे २० तास लागतात.

शरीरात प्रवेश

फुप्फुसाचा क्षयरोग झालेली व्यक्ती खोकते, शिंकते किंवा बोलते तेव्हा जीवाणूयुक्त सूक्ष्म तुषार हवेत मिसळतात. श्वासावाटे ते दुसऱ्या व्यक्तीच्या फुप्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. तेथे महाभक्षी पेशी पहाऱ्यावर असतात. बाहेरून आलेला कण गिळून नष्ट करणे हे त्यांचे काम होय. त्या या जीवाणूलाही गिळतात, परंतु प्रत्येक वेळी त्याचा नाश करू शकत नाहीत.

बचावाची तंत्रे

मेणचट आवरण : जीवाणूच्या पेशीभित्तिकेत मायकोलिक आम्ल नावाचे लांब साखळीचे स्निग्ध पदार्थ मोठ्या प्रमाणात असतात. या मेणचट थरातून मारक रसायने सहजासहजी आत शिरत नाहीत. याच थरामुळे झील-नील्सन पद्धतीने रंगवलेला जीवाणू आम्लाने धुतल्यावरही रंग सोडत नाही. बेडक्याच्या सूक्ष्मदर्शक तपासणीत त्याची ओळख यावरूनच पटते. आवरणातील काही स्निग्ध पदार्थ जीवाणूची ओळखचिन्हे झाकून टाकतात, त्यामुळे धोक्याची सूचना देणाऱ्या ग्राहींना तो सहज ओळखता येत नाही.

पचनक्रिया रोखणे : महाभक्षी पेशीने गिळलेला जीवाणू एका पटलवेष्टित कुपीत बंदिस्त होतो. पुढे ही कुपी आम्लयुक्त होते आणि पाचक विकरांनी भरलेल्या लयकारिकेशी तिचा संयोग होतो. सामान्य जीवाणूंचा शेवट येथेच होतो. क्षयरोगाचा जीवाणू मात्र आपली प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांच्या साहाय्याने कुपीतील आम्लता वाढू देत नाही आणि हा संयोग अडवून धरतो. हे निरीक्षण आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट या ब्रिटिश संशोधकांनी १९७१ साली प्रसिद्ध केले.

रासायनिक माऱ्याचा प्रतिकार : महाभक्षी पेशी गिळलेल्या जीवाणूवर ऑक्सिजनची अतिक्रियाशील संयुगे सोडतात. जीवाणूजवळील कॅटालेज हे विकर त्यांपैकी हायड्रोजन पेरॉक्साइडचे विघटन करते.

कुपीबाहेर पडणे : ईएसएक्स-१ नावाच्या स्रावयंत्रणेतून जीवाणू ईसॅट-६ व सीएफपी-१० ही प्रथिने बाहेर सोडतो. ही यंत्रणा कुपीच्या पटलाला इजा पोहोचवते. त्यानंतर महाभक्षी पेशी मृत होते आणि जीवाणू शेजारच्या पेशींत पसरतात.

विलंब घडवणे : टी-पेशींना जागृत करण्यासाठी जीवाणूचे अंश लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचावे लागतात. या संसर्गात ही क्रिया रेंगाळते. संसर्गानंतर ट्युबरक्युलिन चाचणी सकारात्मक होण्यास साधारणतः २ ते ८ आठवडे लागतात. दरम्यानच्या काळात जीवाणू आपले बस्तान बसवतो.

क्षयग्रंथी आणि सुप्तावस्था

टी-पेशी आल्यानंतर त्या इंटरफेरॉन-गॅमा हे संदेशद्रव्य स्रवतात व महाभक्षी पेशींची मारकक्षमता वाढते. संसर्गाच्या जागेभोवती पेशींचे कडे तयार होते. यास क्षयग्रंथी म्हणतात. तिचा मध्यभाग मृत होऊन चक्क्यासारखा मऊ बनतो. बहुतेक व्यक्तींमध्ये जीवाणू येथेच जखडले जातात. परंतु ऑक्सिजन कमी असलेल्या या जागीही काही जीवाणू आपला चयापचय मंदावून तग धरतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना या जीवाणूचा संसर्ग झालेला आहे. त्यांपैकी ५ ते १० टक्के व्यक्तींना आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. कुपोषण, मधुमेह, तंबाखू व मद्य यांचे सेवन आणि एचआयव्हीचा संसर्ग यांमुळे हा धोका वाढतो. संधिवातासारख्या विकारांत ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर या द्रव्याला रोखणारी औषधे देतात, तेव्हाही सुप्त संसर्ग उफाळू शकतो. कारण क्षयग्रंथी टिकून राहण्यासाठी हे द्रव्य आवश्यक असते.

क्षयग्रंथी फुटून श्वसनमार्गात उघडली की फुप्फुसात पोकळी निर्माण होते आणि खोकल्यावाटे जीवाणू बाहेर पडतात. फुप्फुसाची ही हानी मोठ्या प्रमाणात शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारक्रियेमुळे होते. जीवाणूला नव्या व्यक्तीपर्यंत पोहोचण्याची वाट त्यातूनच मिळते.

लस व निदान

कॅलमेट व गेरँ या फ्रेंच संशोधकांनी गोवंशातील क्षयरोगाचा जीवाणू १९०८ ते १९२१ या काळात पुनःपुन्हा वाढवून क्षीण केला. त्यापासून बीसीजी ही लस तयार झाली. या प्रक्रियेत जीवाणूच्या जनुकसंचातील ईएसएक्स-१ यंत्रणेशी संबंधित एक खंड गळून पडला. लशीतील जीवाणू निरुपद्रवी असण्याचे हे एक प्रमुख कारण आहे. ईसॅट-६ आणि सीएफपी-१० ही प्रथिने लशीत नसल्यामुळे त्यांवर आधारित चाचण्यांनी लसीकरण आणि खरा संसर्ग यांतील फरक ओळखता येतो.

बालकांतील क्षयरोगजन्य मेंदूज्वरासारख्या गंभीर प्रकारांपासून बीसीजी संरक्षण देते. मात्र तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे १९६८ साली सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयरोगापासून तिने संरक्षण दिल्याचे आढळले नाही.

उपचारांशी संबंध

आयसोनियाझिड हे औषध मायकोलिक आम्लाची निर्मिती रोखते, म्हणजेच जीवाणूच्या आवरणावर आघात करते. पायराझिनामाइड आम्लयुक्त परिसरात प्रभावी ठरते. वेगाने वाढणारे जीवाणू पहिल्या काही आठवड्यांत मरतात आणि रुग्णाला बरे वाटू लागते. परंतु मंदावलेले जीवाणू शिल्लक असतात. म्हणून नेहमीच्या क्षयरोगात सामान्यतः सहा महिने औषधे घ्यावी लागतात. ती मध्येच सोडल्यास रोग उलटण्याची व औषधांना न जुमानणारे जीवाणू निर्माण होण्याची भीती असते. जगातील सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात असल्याने येथे या बाबीला विशेष महत्त्व आहे. शासकीय आरोग्य केंद्रांत क्षयरोगाचे निदान व उपचार विनामूल्य उपलब्ध आहेत.

अन्य जीवाणूंशी तुलना

प्रतिकारशक्तीला चकवण्याचे मार्ग जीवाणूगणिक वेगळे असतात. न्यूमोनियाचा न्यूमोकोकस शर्करेच्या जाड आवरणामुळे भक्षक पेशींच्या पकडीत येत नाही. परम्याचा गोनोकोकस पृष्ठभागावरील प्रथिने वारंवार बदलतो, त्यामुळे आधी तयार झालेली प्रतिपिंडे निरुपयोगी ठरतात. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा प्रथिन-ए च्या साहाय्याने प्रतिपिंडांना उलट्या बाजूने धरून ठेवतो. या सर्वांच्या तुलनेत क्षयरोगाच्या जीवाणूचे वैशिष्ट्य त्याच्या चिकाटीत आहे. योग्य संधी येईपर्यंत तो अनेक दशकेही सुप्त राहू शकतो.