किंबर्लीच्या पश्चिमेकडचे रोगी

१८९३ हे साल आपल्याकडच्या श्रोत्याला एका कारणासाठी माहीत असते. त्या वर्षीच्या मे महिन्यात मोहनदास गांधी नावाचा एक तरुण बॅरिस्टर दर्बानच्या बंदरात उतरला. पुढे काय घडले ते शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. त्याच वर्षी लंडन शहरात एक कंपनी स्थापन झाली. तिचाही संबंध दक्षिण आफ्रिकेशीच होता, पण तिचे नाव आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत आढळत नाही. केप ॲस्बेस्टॉस कंपनी हे ते नाव. आज मी जी हकीकत सांगणार आहे ती ह्या कंपनीने खणून काढलेल्या दगडाची, त्या दगडाच्या धुळीची आणि त्या धुळीपासून होणारा रोग ज्यांनी ओळखला त्या तीन डॉक्टरांची आहे. हकीकत वैद्यकातली दिसेल, परंतु मी तिला इतिहासच म्हणतो. कारण हा रोग सूक्ष्मदर्शकाने जितका ओळखला, तितकाच तो रोग्याच्या पूर्वायुष्याची चौकशी करून ओळखला गेला.

ॲस्बेस्टॉस ही वस्तू आपल्याला परकी नाही. गोठ्यावर, गिरणीवर, चाळीच्या पडवीवर आपण जे ‘सिमेंटचे पत्रे’ घालतो, त्यांत सिमेंटला धरून ठेवणारा धागा असतो तो ह्याच दगडाचा. दगडाला धागा असतो हे ऐकून प्रथम नवल वाटते. पण हा दगड नखाने उकलला तर कापसासारखा पिंजला जातो. तो जळत नाही, कुजत नाही. ग्रीक भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थच ‘न विझणारा’ असा आहे. ह्या दगडाच्या काही जाती आहेत. पांढरी जात जगात पुष्कळ ठिकाणी सापडते. निळी जात मात्र मोठ्या प्रमाणावर सापडली ती दक्षिण आफ्रिकेच्या वायव्य भागात, ऑरेंज नदीच्या उत्तरेला प्रीस्कापासून कुरुमानपर्यंत पसरलेल्या उघड्याबोडक्या डोंगरांत. त्या डोंगरांना नावच ‘ॲस्बेस्टॉस टेकड्या’ असे पडले. लिख्टेन्स्टाइन नावाचा जर्मन प्रवासी १८०३ ते १८०६ ह्या काळात त्या प्रदेशात हिंडला, तेव्हापासून हा निळा दगड युरोपातल्या विद्वानांच्या माहितीचा झाला. १८३१ साली त्याचे ‘क्रोसिडोलाइट’ असे बारसे झाले, ते लोकरीच्या तंतूला असलेल्या ग्रीक शब्दावरून. नाव ठेवणाऱ्याच्या मनात लोकरीचा मऊपणा होता. तो तंतू छातीत गेल्यावर काय करतो हे कळायला आणखी सव्वाशे वर्षे जायची होती.

ह्या खाणींची रीत सोन्याच्या खाणींहून वेगळी होती. सोन्यासाठी खोल विवरे खणावी लागतात, यंत्रे लागतात, भांडवल लागते. निळा दगड डोंगराच्या अंगावरच पट्ट्यापट्ट्यांनी असे. कंपनी एखाद्या कुटुंबाला डोंगराचा एक तुकडा वाटून देई आणि निघालेला माल वजनावर विकत घेई. पुरुष दगड फोडून काढीत. बायका आणि मुले उन्हात बसून हातोडीने त्यावरचा फोल दगड झाडून आतला धागा मोकळा करीत. तान्ही पोरे आयांच्या जवळच असत. पुढे गिरण्या आल्या आणि धूळ आणखीच वाढली. तिकडे ट्रान्सव्हालमध्ये पेंग येथे तपकिरी ॲस्बेस्टॉसची खाण होती. तेथे १९४९ साली गेलेल्या शेपर्स नावाच्या डॉक्टरने नंतर लिहून ठेवले आहे की, लहान मुले मोठमोठ्या पोत्यांच्या आत उभी राहून पायांनी माल दाबीत होती, त्यांच्या डोक्यावर दिवसभर धागा कोसळत होता आणि ती थांबू नयेत म्हणून चाबूक घेतलेला मुकादम त्यांच्यावर उभा होता. मला ही गोष्ट वाचल्यावर पुढची पाने त्या दिवशी वाचवली नाहीत.

ही धूळ निरुपद्रवी नाही हे तोपर्यंत कोणालाच माहीत नव्हते असे मात्र नाही. १९२४ साली इंग्लंडात डॉ. कुक ह्याने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यातल्या एका कामकरी बाईच्या मृत्यूची हकीकत प्रसिद्ध केली होती. तिच्या फुप्फुसांना घट्टे पडून ती आखडली होती. १९३० साली तिथल्या सरकारी अधिकाऱ्यांनी कामगारांची रीतसर तपासणी केली आणि १९३१ साली इंग्लंडात कायदा झाला. १९५५ साली रिचर्ड डॉल ह्याने ह्या कामगारांत फुप्फुसाचा कर्करोग वाढतो हे आकड्यांनी दाखवले. परंतु ह्या सर्वांचा रोख कारखान्यातल्या कामगाराकडे होता. वर्षानुवर्षे धुळीत राबणाऱ्याला रोग होतो, असा सर्वांचा समज होता. धुळीपासून दूर राहणाऱ्याने भिण्याचे कारण नाही, हे त्याच्या पोटातले वाक्य कोणी उच्चारीत नसे, पण मानीत सगळे.

आता किंबर्लीकडे येऊ. हिऱ्यांच्या खाणींमुळे जगाला माहीत झालेले हे गाव. तेथे क्षयरोग्यांचे एक रुग्णालय होते आणि त्याचा प्रमुख होता डॉ. स्लेग्ज. १९५२ च्या सुमारास क्षयावर नवी, हमखास गुण देणारी औषधे हाती आली. ज्यांच्या छातीत पाणी झाले आहे असे रोगी पूर्वी महिनोन्महिने पडून असत, ते आता बरे होऊन घरी जाऊ लागले. पण स्लेग्जच्या ध्यानात एक विचित्र गोष्ट आली. किंबर्लीच्या पूर्वेकडून येणारे रोगी बरे होत. पश्चिमेकडून येणाऱ्यांपैकी काहीजण मात्र तेच औषध, तोच खाटला, तीच शुश्रूषा असूनही खंगत जात आणि मरत. एखादा दुसरा डॉक्टर म्हणाला असता, पश्चिमेकडचे लोक उशिरा येतात, अडाणी आहेत, औषध नियमाने घेत नाहीत. असे म्हणणे किती सोपे असते हे आपण आपल्या तालुक्याच्या दवाखान्यांतूनही ऐकतो. स्लेग्जने तसे म्हटले नाही. त्याने ह्या रोग्यांच्या छातीतला तुकडा काढून पाहावा म्हणून जोहान्सबर्गच्या मार्शां नावाच्या शस्त्रवैद्याची मदत घेतली.

जोहान्सबर्गलाच, धुळीपासून होणाऱ्या फुप्फुसरोगांच्या संशोधनकेंद्रात, ख्रिस वॅग्नर नावाचा तरुण विकृतिशास्त्रज्ञ होता. १९५६ च्या आरंभी त्याने एका कृष्णवर्णीय इसमाचे शवविच्छेदन केले. क्षयाने मेला अशी समजूत होती. छाती उघडून पाहिली तो फुप्फुसाभोवतीच्या पातळ पडद्यातून वाढलेल्या बुळबुळीत गाठीने छातीची एक बाजू भरून गेलेली. हा मेसोथेलिओमा. त्या काळी तो इतका दुर्मीळ मानला जाई की असा काही रोग खरोखर आहे की नाही ह्याबद्दलच विकृतिशास्त्रज्ञांत वाद होता. त्या माणसाच्या फुप्फुसात ॲस्बेस्टॉसचे तंतूही दिसले. पुढे मार्शांकडून आलेले तुकडे वॅग्नरने पाहिले, तर पश्चिमेकडच्या त्या न बरे होणाऱ्या रोग्यांतही तीच गाठ!

येथे कोडे सुटले असे वाटेल, पण ते येथेच अडले. कारण ह्या रोग्यांपैकी पुष्कळजण खाणीत कधी गेलेच नव्हते. त्यांत गृहिणी होत्या, घरकाम करणाऱ्या बाया होत्या, गुराखी आणि शेतकरी होते, एक विमा एजंट होता, एक हिशेबनीस होता. विम्याच्या एजंटाला खाणीतला रोग कसा व्हावा? तेव्हा त्या तिघांनी प्रश्न बदलला. तुम्ही काय काम करता हे विचारायचे सोडून तुमचे बालपण कोठे गेले, हे त्यांनी विचारले. मग उत्तरे मिळू लागली. कोणी त्या टेकड्यांत जन्मले होते. कोणाचे आईबाप दगड फोडीत होते आणि ते लहानपणीच ते गाव सोडून आले होते. कोणाचे घर मालाच्या गाड्या जात त्या रस्त्यावर होते. मुले खाणीच्या टाकाऊ चुऱ्याच्या निळसर ढिगाऱ्यांवरून घसरगुंडी खेळत, हा तर त्या भागातला रोजचाच खेळ. १९६० साली वॅग्नर, स्लेग्ज आणि मार्शां ह्यांचा निबंध इंग्लंडातल्या औद्योगिक वैद्यकाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात ३३ रोगी आहेत, २२ पुरुष आणि ११ स्त्रिया, वय ३१ पासून ६८ पर्यंत. एक सोडून बाकी सर्वांचा निळ्या ॲस्बेस्टॉसशी कधी ना कधी संबंध आल्याचे दिसत होते. धूळ छातीत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत २०, ३०, ४० वर्षे लोटलेली! मधल्या काळात माणूस धडधाकट. मुले होतात, नातवंडे होतात, आणि मग एक दिवस धाप लागते.

पाच वर्षांनी, १९६५ साली, लंडनमध्ये मॉली न्यूहाउस आणि हिल्डा थॉम्प्सन ह्या दोघींनी हाच प्रश्न ८३ रोग्यांबाबत विचारला. केप कंपनीचाच एक कारखाना लंडनच्या पूर्वेला होता. कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आत नुसते राहिलेले लोक त्यांना सापडले. नवऱ्याचे कामावरचे कपडे धुणाऱ्या बायकाही सापडल्या. धूळ गणवेशाच्या खिशात बसून घरापर्यंत येत होती.

इकडे दक्षिण आफ्रिकेत काय झाले? १९६० नंतर त्या टेकड्यांतल्या गावकऱ्यांची क्ष-किरण तपासणी सुरू झाली. खर्चाचा वाटा खाणमालकांनी उचलला होता. खाणीत न गेलेल्या माणसांतही रोग दिसू लागला तेव्हा पैसा आटला आणि अहवाल छापलाच गेला नाही. जॉक मॅककुलॉक ह्या इतिहासकाराने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे सारे कागदपत्रांनिशी मांडले आहे. वॅग्नर १९६२ साली ब्रिटनला निघून गेला. खाणी चालूच राहिल्या, नुसत्या चालू राहिल्या असे नाही, त्या वाढल्या. १९७७ साली देशाचे ॲस्बेस्टॉसचे उत्पादन सुमारे ३ लाख ८० हजार टनांवर जाऊन कळसाला पोहोचले, म्हणजे निबंध छापून आल्यावर सतरा वर्षांनी. ज्ञान नव्हते म्हणून माणसे मेली असे म्हणण्याची सोय ह्या इतिहासात नाही.

त्यात वर्णभेदाची राजवट. खाणकामगार मेल्यावर त्याची फुप्फुसे तपासून भरपाई देण्याचा कायदा त्या देशात फार जुना आहे, पण गोऱ्याच्या फुप्फुसाची किंमत आणि काळ्याच्या फुप्फुसाची किंमत ह्यांत १९९३ पर्यंत कायद्यानेच तफावत होती. शिवाय हातोडी घेऊन बसणाऱ्या बाईचे नाव हजेरीपटावर पुष्कळदा नसेच. मजूर होतो हे सिद्ध करायला कागद लागतो, आणि तिच्या हातात कागद नव्हता. केप कंपनीने १९७९ साली आपल्या तिकडच्या खाणी विकल्या. १९९७ साली काही पीडितांनी लंडनच्या न्यायालयात तिच्यावर दावा लावला. कंपनी म्हणे, दावा दक्षिण आफ्रिकेतच चालला पाहिजे. तीन वर्षे एवढ्याच मुद्द्यावर गेली. अखेर २० जुलै २००० रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला की, तेथे वकील आणि खर्चाची तरतूद होणे शक्य नसल्याने तेथे धाडणे म्हणजे न्याय नाकारणे होईल. दावा लंडनलाच चालू दे. २००३ साली तडजोड झाली. दावेदार सुमारे साडेसात हजार, आणि केप कंपनीने दिलेली रक्कम ७५ लाख पौंड. भागाकार तुम्हीच करा. दुसऱ्या एका खाणकंपनीच्या पैशातून त्याच वर्षी पीडितांसाठी विश्वस्त निधी उभा राहिला. तोपर्यंत कित्येक दावेदार मरून गेले होते. दक्षिण आफ्रिकेने ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली ती २००८ साली.

वॅग्नरविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आवडत्या माणसाचे तेवढे झाकून ठेवणे इतिहासकाराला शोभत नाही. त्याच्या मृत्यूनंतर, २००० सालानंतर, असे बाहेर आले की १९८६ पासून तो ॲस्बेस्टॉसच्या दाव्यांत गुंतलेल्या एका अमेरिकन कंपनीकडून मोबदला घेत होता. पांढऱ्या ॲस्बेस्टॉसपासून हा कर्करोग होत नाही असे तो उतारवयात सांगू लागला होता. सर्व जातींचे ॲस्बेस्टॉस माणसात कर्करोग उत्पन्न करते हा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा निष्कर्ष आहे. तरीही ‘निळे वाईट, पांढरे चांगले’ हा युक्तिवाद बाजारात चालू राहिला. त्याचे गिऱ्हाईक आपण आहोत. आपल्या देशात येणारा धागा पांढराच, आणि तो आयात करणाऱ्या मोठ्या देशांत आपली गणना होते.

छपरावर शाबूत असलेला पत्रा घरातल्या माणसाला लगेच मारील असे मी म्हणत नाही. भीती आहे ती पत्रा कापताना, भोके पाडताना, जुना फोडून टाकताना उडणाऱ्या धुळीची, आणि हे काम करणाऱ्याच्या तोंडाला बहुधा रुमालसुद्धा नसतो. १९९५ च्या जानेवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधी एक निकाल दिला. त्यात असे सांगितले आहे की, प्रत्येक कामगाराची प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा ती सुटल्यावर १५ वर्षे, ह्यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवली पाहिजे. हा चाळीसचा आकडा न्यायाधीशांनी हवेतून काढलेला नाही. इतकी वर्षे रोग दबा धरून बसतो, हे जगाला प्रथम दाखवले त्या ३३ रोग्यांनी.

दक्षिण आफ्रिकेत मेसोथेलिओमाने मरणाऱ्यांची संख्या मृत्युनोंदीवरून पाहता अलीकडेपर्यंत वर्षाला सुमारे दोनशे होती. खाणी बंद झाल्या तरी आजचे संशोधन थांबलेले नाही, कारण धूळ थांबलेली नाही. लिंपोपो प्रांतात माफेफे नावाचे गाव आहे. १९८० नंतरच्या दशकात मारियान फेलिक्स ही संशोधिका तेथे गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरोघर फिरली, तेव्हा दिसले की खाणीचा टाकाऊ चुरा रस्त्यात आहे, शाळेच्या आवारात आहे, घरांच्या भिंतींत आहे. चुरा फुकट मिळे आणि मातीत मिसळला की भिंत तडकत नसे. कुरुमानच्या बाजूलाही अशी घरे आहेत. सरकारने पुष्कळ ढिगारे मातीने झाकून त्यांवर झाडोरा लावला आहे. पाऊस आला की ओघळी पडतात, शेळ्या चरायला चढतात आणि खालचा निळा थर पुन्हा उघडा पडतो. मग माणसे पाठवून तो पुन्हा झाकावा लागतो. घरांचे तसे करता येत नाही. मातीच्या भिंतीला दर थोड्या दिवसांनी लिंपावे लागते, आणि लिंपण्यापूर्वी बाई जुना, सुटलेला गिलावा हाताने खरवडून काढते.