प्रादेशिक खाजगी बँकेची पतक्षमता : युनायटेड वेस्टर्न बँकेच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

बँकेची पत कशावरून ठरवावी, या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलत गेलेले दिसते. प्रस्तुत लेखात सातारा येथे १९३६ मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेच्या आधारे या बदलाचा विचार केला आहे.

स्वातंत्र्यपूर्व काळात प्रादेशिक बँकेची पत म्हणजे प्रामुख्याने संचालकांचा लौकिक होय. ठेवीदार आणि कर्जदार बहुधा एकाच पंचक्रोशीतील असल्याने ताळेबंदापेक्षा माणसाच्या शब्दास अधिक वजन असे. १९६० मध्ये केरळातील पलाई सेंट्रल बँक बंद पडली आणि या विश्वासाची मर्यादा उघड झाली. त्याच वर्षी दुर्बळ बँकांवर अधिस्थगन आणून त्यांचे विलीनीकरण करण्याची कायदेशीर तरतूद झाली, तर १९६२ मध्ये ठेव विमा आला.

नरसिंहम समितीच्या १९९१ च्या अहवालानंतर मोजमापच बदलले. मार्च २००० पासून जोखीमभारित मालमत्तेच्या ९ टक्के भांडवल आवश्यक ठरले. मार्च २००४ पासून हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकताच कर्ज अनुत्पादक गणले जाऊ लागले. प्रादेशिक बँकेची खरी अडचण येथे आहे. स्थानिक विश्वासाने ठेवी येतात, भांडवल येत नाही. किंबहुना ठेवीदार निश्चिंत राहिल्यामुळे भांडवलाची झीज दीर्घकाळ झाकली जाते. गर्दी नाही म्हणून बँक सुदृढ, हे अनुमान म्हणूनच फसवे आहे.

२ सप्टेंबर २००६ रोजी युनायटेड वेस्टर्न बँकेवर अधिस्थगन लागू झाले व ठेवीदारांना दहा हजार रुपयांपर्यंतच रक्कम काढता येऊ लागली. सिकॉमसह अनेक संस्थांनी स्वारस्य दाखविले. अखेर ३ ऑक्टोबरपासून बँक आयडीबीआयमध्ये विलीन झाली. ठेवी सुरक्षित राहिल्या, भागधारकांना प्रतिसमभाग २८ रुपये मिळाले. साताऱ्याच्या हातून गेले ते कर्जाचा निर्णय गावातच घेणारे मुख्य कार्यालय. ही हानी कोणत्याही गुणोत्तरात मोजली जात नाही. तथापि तेवढ्यावरून रिझर्व्ह बँकेचा निर्णय चुकीचा ठरत नाही. आक्षेप घ्यावयाचाच तर तो विलंबास घ्यावा.

१९१६ मध्ये स्थापन झालेली सांगली बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. कोल्हापूरच्या रत्नाकर बँकेने (स्थापना १९४३) मात्र २०१० नंतर नवे व्यवस्थापन व बाहेरील भांडवल स्वीकारून स्वतंत्र अस्तित्व टिकविले. २०१४ मध्ये तिचे नाव आरबीएल बँक झाले.