एक दशांश टक्का सिलिकॉन

लोखंडी पाइपांच्या दुकानात ‘तो नाही, पण त्याच्याच तोडीचा हा घेऊन जा’ हे वाक्य हमखास ऐकू येते. मी शब्दांत वावरणारा माणूस, त्यामुळे पर्याय म्हटला की माझे कान टवकारतात. ‘पाणी’ आणि ‘जल’ यांचा अर्थ कोशात एकच. पण दारात आलेला तहानलेला माणूस काही जल मागत नाही.

पोलादाच्या कोशातही असे दोन समानार्थी आहेत. अमेरिकेच्या एएसटीएम या संस्थेच्या प्रमाणकांतले ए-५३ आणि ए-१०६, दोन्ही ‘बी’ प्रतीचे. कार्बनची कमाल मर्यादा सारखी. ताण सोसण्याची किमान ताकद सारखी, ४१५ मेगापास्कल. कागदावर पाहिले तर जुळी भावंडेच. फरक एवढाच की ए-१०६ हा जास्त तापमानासाठीचा बिनजोड पाइप, आणि त्यात सिलिकॉन किमान ०.१० टक्का असलेच पाहिजे. ए-५३ पाणी, वाफ, हवा अशा सर्वसाधारण कामाचा. त्यात सिलिकॉनची अट नाही. असले तर असले, नसले तर नसले.

आता या एक दशांश टक्क्याने काय केले ते ऐका. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरावर रिचमंड येथे शेव्हरॉन कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. तिथल्या एका विभागात १९७६ साली पाइप बसवले गेले. कच्च्या तेलात गंधक असते आणि तापलेले गंधक लोखंड खाते. सिलिकॉन कमी असेल तर ही झीज सोळा पटींपर्यंत वेगाने होऊ शकते. झीज तपासायला पाइपची जाडी वरचेवर मोजत, पण मोजत ती बहुधा वळणावरच्या तुकड्यांची. सरळ तुकडा वळणापेक्षा कमी झिजणार, असा हिशेब. हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही, फक्त तो सगळे तुकडे एका जातीचे असतील तर!

६ ऑगस्ट २०१२ रोजी दुपारी गळती दिसली. विभाग बंद न करता गळती शोधण्यासाठी वरचे आवरण काढणे चालू होते. संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास बावन्न इंच लांबीचा एक सरळ तुकडा फाटला. तेलाच्या वाफेच्या ढगात १९ कामगार सापडले. पेट घेण्यापूर्वी अठरा जण बाहेर पडले. एकोणिसावा अग्निशामक दलाचा, तो अंगावरच्या संरक्षक पोशाखानिशी ज्वाळांतून निघाला. सगळे वाचले, हे नवलच. पण धुरामुळे आसपासच्या वस्तीतली सुमारे पंधरा हजार माणसे दवाखान्यांत गेली.

नंतर तपासात कळले: फाटलेल्या तुकड्यात सिलिकॉन ०.०१ टक्का, त्याला लागून असलेल्या वळणात ०.१६. वळण शाबूत, आणि तुकड्याची जाडी फाटल्या जागी जवळजवळ नव्वद टक्के गेलेली. प्रत्येक तुकडा तपासा, अशी सूचना कंपनीच्याच तज्ज्ञांनी २००९ साली केली होती. मला सर्वांत जास्त बोचते ते हे.

१९८०च्या दशकाच्या मध्यापासून कारखानदार एकच पाइप दोन्ही प्रमाणकांत बसेल असा बनवू लागले, म्हणून त्यानंतरचा ए-५३ सहसा दगा देत नाही. प्रश्न त्याआधीच्यांचा आहे. आवरणाखाली कोणता तुकडा कुठल्या जातीचा, हे बाहेरून दिसत नाही. आवरण उतरवून एकेक तुकडा मोजावा लागतो.