जखमी धरणाची शुश्रूषा : कोयना १९६७ आणि त्यानंतर



२०११ च्या मार्चमध्ये जपानातील फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रावर जो प्रसंग ओढवला, तेव्हापासून सुशिक्षितांच्या बैठकीत एक प्रश्न वरचेवर ऐकू येतो. मोठ्या भूकंपात वीजकेंद्रच जखमी झाले, तर पुढे काय करायचे? विचारणारे बहुधा हा प्रश्न परदेशाचा समजतात. मराठी मुलखाला मात्र त्याचे उत्तर एकदा प्रत्यक्ष कृतीने द्यावे लागले आहे. ते केंद्र अणूचे नव्हते, पाण्याचे होते. हा फरक लहान नाही, आणि त्याकडे मी पुढे वळणारच आहे. पण आधी कोयनेची हकीकत सांगितली पाहिजे, कारण आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत ती फारशी पोहोचलेली नाही.

कोयना ही महाबळेश्वरी उगम पावणारी आणि कऱ्हाडाला कृष्णेस मिळणारी नदी. तिचे पाणी स्वभावतः पूर्वेकडे जाणारे. अभियंत्यांनी सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यात तिला अडवले, सह्याद्रीच्या पोटातून बोगदे काढून तिचे पाणी पश्चिमेकडे वळवले आणि सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडले. तेथून ते वाशिष्ठीवाटे चिपळूणकडे जाते. धरणाचे काम १९५४ ते १९६३ या काळात झाले. उंची १०३ मीटर. मागे पसरलेल्या जलाशयाला शिवसागर हे नाव मिळाले. मुंबई-पुण्याचे कारखाने या विजेवर चालू लागले आणि कोयना ही महाराष्ट्राची भाग्यरेषा आहे, असे म्हणण्याचा प्रघात पडला.

१९६२ च्या सुमारास जलाशय भरू लागला आणि परिसरातील लोकांना जमिनीतून आवाज ऐकू येऊ लागले. बारीकसारीक धक्के बसू लागले. भूकंपमापक यंत्रे आणून बसवली गेली. १३ सप्टेंबर १९६७ रोजी पाचाच्या वरचा एक धक्का बसला. तरीही दख्खनचे पठार म्हणजे अचल भूमी, ही समजूत एवढी घट्ट होती की त्या वेळच्या भूकंपीय नकाशात हा प्रदेश जवळजवळ निर्धोक गणला गेला होता. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी गुरुत्वाकर्षणाच्या विसाव्या भागाइतका आडवा जोर धरला होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे ती सावधगिरीच होती.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास, धरणी हादरली. भूकंपाची तीव्रता वेगवेगळ्या गणनांप्रमाणे ६.३ ते ६.५ च्या घरात येते. थंडीचे दिवस, माणसे घरात झोपलेली, आणि घरे दगडमातीची. सुमारे १८० माणसे दगावली, दोन हजारांहून अधिक जखमी झाली. कोयनानगरची बहुतेक घरे पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. धक्का मुंबई, पुणे, गोवा असा दूरवर जाणवला. पोफळीचे वीजगृह खडकाच्या कुशीत असल्याने मोठ्या हानीतून वाचले. पण वीजपुरवठा तुटला आणि मुंबईच्या गिरण्या-कारखान्यांची चाके थांबली.

आणि धरण? धरणाच्या गॅलरीत त्वरणलेखक नावाचे एक यंत्र बसवलेले होते. त्याने नोंदवलेला कमाल आडवा हादरा गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट होता. आराखड्यात धरलेल्या आकड्याशी याची तुलना ज्याची त्याने करावी. (ही नोंद पुढे जगभरच्या धरण-अभियांत्रिकीच्या अभ्यासात पाठासारखी वापरली गेली. कोयनेचे नाव ज्यांना नकाशावर दाखवता येणार नाही, असे परदेशी विद्यार्थीही त्या आलेखावर गणिते सोडवतात.) धरण कोसळले नाही. परंतु सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच खंडांवर, माथ्यापासून सुमारे चाळीस मीटर खाली, पुढच्या व मागच्या अशा दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. काही खंडांतून पाणी झिरपताना दिसले. भेगा नेमक्या तेथेच का, याचे कारण धरणाच्या जन्मकथेत आहे. बांधकाम चालू असतानाच उंची वाढवण्याचा निर्णय झाला, त्यामुळे भिंतीचा छेद नेहमीसारखा एकसंध उतरता राहिला नाही. मागच्या अंगाचा उतार एका पातळीवर एकदम बदलतो, आणि हादऱ्याचा ताण त्या सांध्यावर एकवटला. सार्वजनिक कामांत घाईने फिरवलेला निर्णय कोठे तरी दबा धरून बसतो, तो असा.

त्या दिवसाची धास्ती समजून घ्यायची तर पानशेत आठवावे लागते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पुणे बुडाले, त्याला अवघी सहा वर्षे झाली होती. कोयनेचा साठा पानशेतच्या कित्येक पट. खाली पाटण, कऱ्हाड, सांगली. पाटणचे लोकप्रतिनिधी बाळासाहेब देसाई त्या वेळी राज्याचे गृहमंत्री होते आणि कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण देशाचे. म्हणजे संकट ज्यांच्या दारात आले, त्यांच्याच हाती कारभार होता.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याविषयीच आपल्याकडे सर्वांत कमी लिहिले गेले आहे. भूकंपाच्या रात्रीची वर्णने पुष्कळ सापडतात, पण नंतरच्या दुरुस्तीला वर्णनकार मिळत नाही. जखमी धरणाला विश्रांती देता येत नाही. दरवाजे लावले, यंत्रे थांबवली, तरी मागच्या पाण्याचा भार क्षणभरही हटत नाही. म्हणून तपासणी आणि दुरुस्तीसाठी जलाशयाची पातळी उतरवली गेली. ज्या पाण्यावर वीज चालायची, तेच पाणी धरण वाचवण्यासाठी सोडून द्यायचे, असा हा पेच होता. मग भेगांमध्ये दाबाने इपॉक्सी राळ भरली. माथ्यापासून खाली छिद्रे घेऊन त्यांत पोलादी तारांचे दोर ताणून बसवले, म्हणजे वरचा भाग खालच्या भागाशी जखडला जाईल. हे झाले तात्कालिक उपचार. कायमचा इलाज म्हणून सांडव्याबाहेरच्या उंच खंडांना मागून काँक्रीटचे भक्कम टेकू दिले. सांडव्याच्या भागाचे मजबुतीकरण तर २००४ ते २००६ या काळात झाले. म्हणजे एका पहाटेच्या काही सेकंदांच्या हादऱ्याची शुश्रूषा जवळपास चाळीस वर्षे चालली.

भूकंप जलाशयामुळे झाला की नाही, हा वाद त्याहून लांबला. चीनमधील शिनफेंगजियांग येथे १९६२ साली, आफ्रिकेतील करिबा येथे १९६३ साली आणि ग्रीसमधील क्रेमास्ता येथे १९६६ साली जलाशय भरल्यानंतर मोठे धक्के बसले होते. शिनफेंगजियांगचे धरणही कोयनेसारखेच तडकले होते. तरी आपल्या धरणाकडे बोट दाखवणे अनेकांना जड गेले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढील दशकांत जलाशयातील पाण्याची चढउतार आणि धक्क्यांची संख्या यांचा संबंध चिकाटीने मांडला, आणि आज कोयना हे जलाशयप्रेरित भूकंपाचे जगातील सर्वांत मोठे उदाहरण मानले जाते. पाणी भूकंप निर्माण करत नाही. आधीच ताणलेल्या खडकाला ते निमित्त पुरवते. १९७० साली भूकंपीय नकाशा बदलला, निर्धोक म्हणून दाखवलेला 'शून्य' विभाग त्यातून गेला आणि कोयना चौथ्या विभागात आली. नकाशा अगोदर आणि घरे नंतर पडावीत, असा क्रम आपल्या देशात क्वचितच दिसतो. १९९३ साली किल्लारीलाही तेच घडले.

आता फुकुशिमा. ११ मार्च २०११ च्या ९.० तीव्रतेच्या भूकंपात तेथील चालू असलेल्या तिन्ही अणुभट्ट्या आपोआप बंद पडल्या. म्हणजे यंत्राने आपले काम केले. पण आपल्या भाषेत दार, दिवा आणि यंत्र यांना 'बंद करणे' हे एकच क्रियापद पुरते, ते अणुभट्टीला पुरत नाही. साखळी प्रक्रिया थांबली तरी इंधनातून उष्णता निघतच राहते. प्रारंभी ती पूर्ण शक्तीच्या सहा-सात टक्के, एका दिवसानंतर अर्ध्या टक्क्याच्या आसपास. आणि एवढीही, पाणी न मिळाल्यास, इंधन वितळवायला पुरेशी असते. भूकंपाने बाहेरची वीज तुटली. सुमारे पाऊण तासाने पंधरा मीटरांच्या घरातील लाट आली आणि डिझेल जनित्रे बुडाली. विजेच्या कारखान्यालाच वीज उरली नाही. कामगारांनी मोटारगाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या आणि त्यांवर मापक वाचले. केंद्राचे प्रमुख मासाओ योशिदा यांनी समुद्राचे पाणी भट्टीत सोडण्याचा निर्णय घेतला. मुख्यालयाने ते थांबवण्यास सांगितले, तरी त्यांनी थांबवले नाही. पाचव्या व सहाव्या भट्ट्या वाचल्या त्या हवेने थंड होणाऱ्या एका जनित्रामुळे, जे लाटेच्या तडाख्यातून सुटले होते.

कोयनेशी साम्य आहे ते येथे: दोन्ही ठिकाणी जे थांबवता येत नाही, त्याच्याशी माणसाला सामना करावा लागला. फरकही येथेच आहे. कोयनेची भेग हाताने चाचपता आली, तिच्यात राळ भरता आली, दुरुस्तीनंतर अभियंता गॅलरीतून चालत फिरू शकला. फुकुशिमात वितळलेल्या इंधनाच्या अंदाजे ८८० टन राडारोड्यापैकी पहिला नमुना २०२४ च्या नोव्हेंबरात यंत्रहस्ताने बाहेर आला, आणि तो एका ग्रॅमहूनही कमी होता.

हे सर्व सांवेरात बसून कशासाठी ऐकायचे, असे कोणी विचारील. या तहसिलीतून वाहणारी क्षिप्रा चंबळेला मिळते. चंबळ गांधीसागरातून पुढे राणाप्रताप सागरात जाते, आणि त्याच्या काठावर रावतभाट्याचे अणुवीजकेंद्र आहे, ज्याची पहिली भट्टी १९७३ पासून वीज देऊ लागली. दक्षिणेला नर्मदा, जिचे पाणी १९७८ पासून जलूदहून इंदूरला चढवले जाते. तिच्याच खोऱ्यात २२ मे १९९७ च्या रात्री जबलपूरला भूकंप होऊन सुमारे चाळीस माणसे गेली. तेथून जवळच, बरगी जलाशयाच्या काठी, मंडला जिल्ह्यातील चुटका येथे ७०० मेगावॉटच्या दोन अणुभट्ट्यांची योजना आहे. बरगीच्या पाण्याने एकदा उठवलेल्या गोंड गावांनी तिला विरोध केला आहे. त्यांचा आक्षेप मुख्यतः पुन्हा उठण्याला आहे. तथापि जबलपूरचा धक्काही त्यांच्या आठवणीत आहे, आणि तो गणितात कसा धरला, हे त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगणे योजनाकर्त्यांचे काम आहे.

कोयनेच्या परिसरात धक्के अजून बसतात. १९८५ नंतर शेजारच्या वारणा जलाशयात पाणी साठू लागले, तसे त्यांचे क्षेत्र दक्षिणेकडे सरकले. कऱ्हाडला भारत सरकारने या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारली असून २०१७ साली गोठणे येथे तीन किलोमीटर खोलीचे छिद्र घेतले गेले. दख्खनच्या काळ्या पाषाणाचे थर भेदून ते खालच्या ग्रॅनाइटपर्यंत गेले आहे, आणि जेथे भूकंप जन्मतो त्या खडकाचा ताण व उष्णता मोजण्याचे काम तेथे सुरू झाले आहे.