यिर्मयाचा खटला

इ. स. पूर्व ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यरुशलेम न घेताच परतला. त्याच्या स्वतःच्या कोरीव लेखांतही नगर जिंकल्याचा दावा नाही. यहुदी जनमानसाने निष्कर्ष काढला : दावीदाला दिलेले वचन अढळ, तेव्हा मंदिराचे हे नगर पडणे नाही.

सुमारे ६०९ मध्ये यिर्मया मंदिराच्या दारी उभा राहिला. परका, अनाथ व विधवा यांच्यावरील जुलूम थांबला नाही, तर शिलोच्या उद्ध्वस्त पवित्रस्थानाची गत यालाही येईल, असे त्याने बजावले. याजकांनी त्याच्या देहदंडाची मागणी केली. तेव्हा काही वडीलजनांनी मीखा संदेष्ट्याचा दाखला दिला. त्यानेही नगराच्या नाशाचे भाकीत केले होते. परंतु हिज्कीया राजा परमेश्वराला शरण गेला आणि अरिष्ट टळले. हा युक्तिवाद मला विलक्षण वाटतो. शाप जर सशर्त, तर आशीर्वाद बिनशर्त कसा?

यिर्मया वाचला. तोच संदेश देणाऱ्या उरीयाला मात्र यहोयाकीम राजाने मिसरातून धरून आणवून ठार केले. सुमारे ५८७ मध्ये बाबेलच्या सैन्याने मंदिर जाळले. तरीही राजांच्या दुसऱ्या ग्रंथाचे शेवटचे दृश्य राखेचे नाही : कैदेतून सुटलेला दावीदवंशीय यहोयाखीन बाबेलच्या राजाच्या पंक्तीला जेवतो आहे.