दाताला ‘कीड’ लागते म्हणजे नेमके काय होते?

‘दाढेला कीड लागली’ असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात दातात किडा नसतो. तरीही गावाकडे काही जण ‘कीड पाडण्यासाठी’ भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेतात आणि उपचाराचे दिवस हातचे जातात.

जुनी समजूत

दात पोखरणाऱ्या किड्याची कथा बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांवर आहे. सुश्रुतसंहितेत काळ्या पडलेल्या, छिद्र असलेल्या दुखऱ्या दाताला ‘कृमिदंत’ म्हटले आहे. युरोपात खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी घेत. तेव्हा खाली पडणारे ‘किडे’ म्हणजे उष्णतेने फुटलेल्या बियांतले कोंब होते.

किड्याकडून आम्लाकडे

फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी 1728 मध्ये किड्याची कल्पना नाकारली आणि गोड पदार्थांकडे बोट दाखवले. 1890 मध्ये डब्ल्यू. डी. मिलर यांनी मांडले की तोंडातले जंतू साखर व पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात विरघळवते. आजचे शास्त्र याच पायावर उभे आहे.

दातावरच्या चिकट थरात जंतू कायम असतात. गोड खाल्ले की त्या थरातला सामू काही मिनिटांत साधारण 5.5 च्या खाली जातो आणि दाताच्या कवचातली खनिजे बाहेर पडू लागतात. पुढच्या अर्ध्या-एक तासात लाळ ही झीज भरून काढू लागते. मध्येच पुन्हा गोड खाल्ले, तर तिला वेळच मिळत नाही.

म्हणून किती गोड खाल्ले याइतकेच कितीदा खाल्ले हे महत्त्वाचे. स्वीडनमध्ये 1945 नंतर झालेल्या व्हिपेहोम प्रयोगात, दोन जेवणांच्या मध्ये चिकट टॉफी खाणाऱ्यांचे दात सर्वाधिक किडले. (मनोरुग्णालयातील लोकांवर संमतीविना केलेला हा प्रयोग आज अनैतिक मानला जातो.)

‘कॅल्शियम कमी झाले’ म्हणून?

गरोदरपणात बाळ आईच्या दातांतले कॅल्शियम ओढून घेते, हा गैरसमज आहे. वारंवार खाणे, उलट्यांतले आम्ल आणि दातांची कमी निगा ही खरी कारणे.

घरी काय करावे?

- दिवसभरात चार-पाचदा गोड चहा-बिस्किटे टाळा. गोड खायचेच तर जेवणासोबत खा. जळगावचे केळे जेवणात चालेल. केळ्याचे वेफर्स मात्र दातांत चिकटून राहतात.
- बाळाला दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका.
- फ्लोराइड असलेल्या टूथपेस्टने दोनदा दात घासा. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.
- मशेरी लावू नका. तिने कीड थांबत नाही. हिरड्यांचे आजार आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

डॉक्टरांकडे केव्हा?

दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसला, तर तेव्हाच दंतवैद्यांना दाखवा. या टप्प्यावर झीज भरून येऊ शकते. खड्डा पडल्यावर तो आपोआप भरत नाही. दुधाचे दात ‘पडणारच आहेत’ म्हणून सोडू नका. त्यांतला पू खाली तयार होणाऱ्या कायमच्या दाताला इजा करू शकतो.

गाल किंवा मान सुजली, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता-श्वास घेता त्रास होऊ लागला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मधुमेह असलेल्यांनी तर अजिबात थांबू नये. नुसत्या वेदनाशामक गोळीने दुखणे दबते, संसर्ग पसरत राहतो.