नाशिकचे ऊन

दर रविवारी पहाटे आमच्या घरी एक छोटेसे व्रत असते. आत्या तोंड धुऊन ओसरीवर येते, उपाशीपोटी एक पांढरी गोळी भांडेभर साध्या पाण्याबरोबर घेते आणि पुढचा अर्धा तास ताठ बसून राहते. चहा नाही, दूध नाही, आडवे होणे तर मुळीच नाही. गोळी अन्ननलिकेत रेंगाळली तर तेथे जखम करते. दोन वर्षांमागे न्हाणीघरात पाय घसरून तिचे मनगट मोडले, तेव्हा हाडे विरळ झाल्याचे कळले. "सत्यनारायणालासुद्धा मी इतकी मुकाट बसले नव्हते," असे ती म्हणते.

गोळी लिहून देण्यापूर्वी डॉक्टरांनी तिला विचारले होते, "आजी, उन्हात जाता का?" आत्या जरा फणकारलीच. नाशिकच्या माणसाला उन्हाचे काय विचारायचे! परंतु या प्रश्नाचा एक धागा आमच्याच गावात शंभर वर्षांमागे गुंतलेला आहे.

हाडे मऊ पडून लहान मुलांचे पाय धनुष्यासारखे वाकतात, त्याला आपण मुडदूस म्हणतो. हेच दुखणे मोठेपणी बायकांना जडले, की कंबर ठणकते, चाल डुलती होते आणि कमरेचा सांगाडा दबून बाळंतपण जिवावर बेतते. पहिल्या महायुद्धानंतर याच्या कारणावरून विलायतेत मोठा वाद माजला होता. मेलनबी म्हणत, दोष अन्नाचा. त्यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून कॉड माशाच्या तेलाचा गुण दाखवला. ग्लासगोचे डॉक्टर म्हणत, दोष कोंडलेल्या घरांचा. पण तिकडे निवाडा होणे कठीण होते, कारण ज्याचे घर अंधारे त्याचेच ताटही रिकामे. कशाला बोल लावायचा?

नाशिकात ही जोडी फुटलेली होती. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी येथले रुग्ण पाहिले आणि १९२२ साली 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन' या इंग्रजी नियतकालिकात आपला लेख छापला. त्यांना मुडदूस आढळला तो पडदा पाळणाऱ्या मुसलमानांच्या आणि उच्चवर्णीय हिंदूंच्या खात्यापित्या घरांत. मोलमजुरी करणाऱ्या गरिबांचे अन्न निकृष्ट; पण बायका उघड्यावर राबत, पोरे उन्हात लोळत, आणि त्यांची हाडे मात्र शाबूत!

हे वाचले तेव्हा मला आमच्या वाड्यातले माजघर आठवले. भर दुपारी तेथे दिवा लावावा लागे. बाळंतिणीच्या खोलीला तर वारा लागू नये म्हणून फटीसुद्धा बुजवीत. शेगडी, धुरी आणि अंधार. माझ्या पणजीविषयी घरात सांगत, की सून होऊन आली ती गोदावरी तिने सणावारीच पाहिली. चाळिशीत ती कमरेत वाकली. तिच्या दुखण्याला मी आज नवे नाव देत नाही. त्या वेळी सारे 'वात' म्हणाले आणि तेल चोळीत राहिले. घरात तूप होते, दूध होते. ते दूध घालायला येणारी गवळण मैलभर ताठ चालत येई. तिच्याकडे दूध विकायला होते, प्यायला नव्हते. ज्या आडोशाला आम्ही प्रतिष्ठा म्हणत होतो, त्याची किंमत सुनांच्या हाडांतून वसूल होत होती, असे मला स्पष्ट म्हणावेसे वाटते.

पुढे उलगडा झाला, तो असा की दोन्ही पक्ष अर्धे खरे होते. उन्हातले अतिनील किरण कातडीवर पडले की शरीरात 'ड' जीवनसत्त्व तयार होते. माशाच्या तेलातही तेच असते. ते नसेल तर खाल्लेला चुना आतड्यातून नीट शोषला जात नाही, मग दूध कितीही प्या. बर्लिनमध्ये हुल्डशिन्स्की यांनी १९१९ साली दिव्याच्या कृत्रिम किरणांनी मुले बरी केली होतीच.

आत्याचे दुखणे निराळे. तिची हाडे मऊ नाहीत, पोकळ झाली आहेत. हाड रोज थोडे मोडते, थोडे बांधले जाते. म्हातारपणी मोडणाऱ्यांची सरशी होते. गोळी त्या मोडणाऱ्या पेशींना आवर घालते. या औषधाचे कूळ मोठे मजेदार आहे. त्याच्या जातीची रसायने नळांत क्षारांचा थर बसू नये म्हणून कारखान्यांत वापरीत. १९६०च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचा हाडांशी संबंध जोडला, आणि १९९५ साली अमेरिकेत आत्याच्या गोळीला, म्हणजे अॅलेंड्रोनेटला, विरळ हाडांसाठी मान्यता मिळाली. पण ती चुना आणून देत नाही. रक्तात चुना किंवा 'ड' जीवनसत्त्व कमी असेल, तर आधी ती तूट भरून काढावी लागते. म्हणून तो उन्हाचा प्रश्न. आणि म्हणूनच गोळीबरोबर आत्याला 'ड' जीवनसत्त्वाची पुडीही मिळाली.

पहाटेच्या कोवळ्या उन्हाचा आपल्याकडे फार महिमा आहे, परंतु हे किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेसे मिळतात, आणि खिडकीच्या काचेतून तर जवळजवळ येतच नाहीत. आत्याला हे पटवायला आठ दिवस लागले. परवा अकराच्या सुमारास पाहतो, तर भिजवलेल्या पणत्या अंगणात वाळत घालून ती त्यांच्या शेजारीच बसली होती, पदर खांद्यावरून मागे टाकून.

"पणत्या राखते आहे," ती म्हणाली. "कावळे फार झालेत."